आधी कल्पना दिली: होय

११ जानेवारी, शनिवार

पोरी,

पत्ता मावशीने दिला. तिच्यावर डाफरू नकोस, मी चार वेळा फोन करून तिचं डोकं खाल्लं तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. पत्राच्या वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण सहा वर्षं तू माझा फोन उचलला नाहीस, तेव्हा जागा रिकामी सोडते. तुला हवं ते समज.

माझी बदली झाली. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, गुडघे जिना दिसला की कुरकुरतात, म्हणून साहेबांनी मला शाळेत टाकलं. हसू नकोस. आता मोठ्या शाळांमधून एकेक पोलीस ठेवतात. फाटकावर उभं राहायचं, सुटताना रस्ता ओलांडून द्यायचा, वर्गावर जाऊन सुरक्षेचे धडे द्यायचे, आणि मुलांना कुणी त्रास देत असेल तर ऐकून घ्यायचं. योजनेच्या कागदावर लिहिलंय, 'मुलांचा विश्वास संपादन करणे.' सहा दिवसांचं प्रशिक्षणही दिलं. मी दोन दिवस झोपा काढल्या.

जिन्याखाली खेळाचं सामान ठेवायची खोली होती, ती मला दिली आहे. अजून जुन्या चेंडूंचा वास येतो. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली मी तिसरीचं भूगोलाचं पुस्तक सरकवलंय. आठ महिन्यांत एक चोर पकडला नाही, पण हरवलेल्या छत्र्या एकवीस सापडवल्या आणि पोरांच्या फुटलेल्या गुडघ्यांना पट्ट्या किती लावल्या त्याची गणती नाही. पोरं मला शिट्टीबाई म्हणतात, तोंडावर म्हणतात. एका चिमुरड्याने धड्याच्या मध्येच विचारलं, "तुम्ही कधी कुणाला मारलंय का?" मी म्हटलं, "माझ्या मुलीला, एकदा." तू असतीस तर 'एकदा?' म्हणून ओरडली असतीस.

मधल्या सुटीत वरच्या वर्गातली एक पोरगी माझ्या खोलीत डबा खायला येते. पंधरा-सोळाची असेल, अंगाने एवढीशी, एक क्षण स्वस्थ बसत नाही. सगळी शाळा तिला मुंगी म्हणते, मीही. अभ्यासात बरी आहे, गणितात फारच बरी. ३ मार्चला त्यांची शेवटची परीक्षा सुरू होते, ती झाली की या शाळेतून बाहेर.

परवा तिच्या दप्तरात सुरी निघाली. मी रीतसर नोंद केली. मुलीला आधी कल्पना दिली, मग ऐकलं, मग दप्तर उघडलं, मग लिहिलं. नियमाला धरून झालं सगळं. तुला हे का सांगतेय कुणास ठाऊक. तूही शिकवतेस असं मावशी म्हणाली, तुला असली पोरं रोज भेटत असतील. शिक्षिका झालीस हे मला तिसऱ्याकडून कळावं, याचं वाईट वाटलं.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी आई


२१ जानेवारी, मंगळवार

पोरी,

उत्तराची वाट बघत नव्हते असं लिहिणार होते. पण रोज दुपारी टपालपेटी उघडते, तेव्हा कशाला खोटं बोलू.

मुंगीचं प्रकरण वाढलं. माझ्याकडे दोन वह्या असतात. एक शाळेची, तिच्यातलं फक्त मुख्याध्यापिका वाचतात. दुसरी ठाण्याची. ठाण्याच्या वहीत हत्याराची नोंद गेली की शाळेला त्या मुलाचं नाव कमी करावंच लागतं, मग मुख्याध्यापिकाच काय, कुणीही रदबदली केली तरी उपयोग नाही. नाव कमी झालं की परीक्षेला बसता येत नाही. महिनाअखेरीपर्यंत कागद वर जातील, तोवर तिला घरी बसवलंय.

मुख्याध्यापिका तशा खमक्या आहेत. मला खोलीत बोलावून म्हणाल्या, "बाई, हे माझ्यापर्यंत आलं असतं तर मी पोरीची चांगली खरडपट्टी काढली असती, आईला बोलावलं असतं आणि सुरी तिच्या हातात परत दिली असती. तुम्ही थेट मोठ्या वहीत कशाला लिहिलंत?"

मी म्हटलं, "सुरी होती ना."

"सुरी होती हो," त्या म्हणाल्या.

सुरी म्हणजे काय, तर भाजी कापायची. टोक मोडलेलं. मोटारदुरुस्तीच्या दुकानातली दोन टोणगी पोरं रोज मोटारसायकलवरून मुंगीच्या मागे मागे यायची, पुलापासून तिच्या गल्लीपर्यंत. एकाने तिच्या सायकलला लाथ मारली. म्हणून हिने घरातली सुरी दप्तरात टाकली. त्या दोघांना मी जाऊन भेटले. काय बोलणं झालं ते दोन्ही वह्यांत नाही, पण ते आता पुलाकडे फिरकत नाहीत.

काल तिची आई आली. इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला असते, हात सोललेले. उभीच राहिली. म्हणाली, "सुरी माझी आहे बाई. मी दोन दिवस शोधत होते, कांदे कशाने चिरू म्हणून धाकट्यावर ओरडले." मग म्हणाली, "पोरगी त्या दिवशी घरी येऊन सांगत होती, आई, शिट्टीबाईंना सगळं सांगितलंय, आता होईल काहीतरी. पोटभर जेवली बघा त्या दिवशी."

मी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही.

आज मुंगी ग्रंथालयाची पुस्तकं परत करायला आली होती. फाटकावरच गाठ पडली. शाळा सुटायची वेळ, मी रस्त्याच्या मधोमध उभी. तिने विचारलं, "तुम्ही लिहून का घेतलंत?"

"तसा नियम असतो, बाळा."

"मग आधी सांगायचं ना."

मुलं काय, काहीही बोलतात. इकडे थंडी फार आहे यंदा. तुझा तो निळा स्वेटर अजून माझ्याच कपाटात आहे, हवा असेल तर पाठवते.

आई


२ फेब्रुवारी, रविवार

पोरी,

मागच्या पत्रात स्वेटरचं लिहिलं ते उगाच. मला दुसरंच लिहायचं होतं, धीर झाला नाही.

मी मुंगीला आधी कल्पना दिली नव्हती.

प्रशिक्षणातले जे चार दिवस मी जागी होते त्यांत एक गोष्ट त्यांनी घोटून घेतली. मूल काही सांगायला लागलं की त्याला थांबवायचं आणि म्हणायचं, 'मी पोलीस आहे. तू जे सांगशील ते मला लिहावं लागेल, ठाण्यात कळवावं लागेल. तरी सांगायचं आहे का?' मग ते बोलेल किंवा गप्प बसेल, ती त्याची मर्जी. हे न सांगता ऐकलं, तर ऐकलेलं आणि त्यावरून सापडलेलं सगळं शाळेत राहतं, ठाण्यात जात नाही. कारण मुलं आमच्याकडे येतात ती शिट्टीबाई म्हणून, आणि लिहून घेतो तो पोलीस. ठाण्याच्या वहीतल्या प्रत्येक कागदावर छापलेली एक ओळच आहे: 'मुलास आधी कल्पना दिली', आणि पुढे होय-नाहीचे दोन चौकोन.

त्या दिवशी झालं असं. तिच्या सायकलची साखळी उतरली होती. मी खाली बसून ती चढवत होते, हात काळे झालेले, ती सायकल धरून उभी. मी मान वर केली नाही. ती बोलायला लागली. आधी साखळीबद्दल, मग लाथेबद्दल, मग त्या दोघांबद्दल. मी मध्ये मध्ये 'हं' म्हणत होते. शेवटी म्हणाली, "म्हणून मी आता सुरी ठेवते." मी साखळी चढवली, हात पुसले आणि म्हटलं, "दप्तर बघू." तिने उघडून दिलं. हसतच दिलं गं. तिला वाटलं, मी सुरी घेऊन ठेवीन आणि तिच्याबरोबर पुलापर्यंत चालत जाईन.

खोलीत जाऊन मी कागद भरला. 'होय' वर खूण केली. तीस वर्षं कागद भरतेय, छापील ओळ दिसली की हात आपोआप चालतो. निदान मी स्वतःला तसं सांगितलं.

शुक्रवारी साहेबांकडे गेले. म्हटलं, खूण खोटी आहे, मी पोरीला काही सांगितलं नव्हतं, नोंद शाळेकडे परत पाठवा. साहेब माझ्याहून बारा वर्षांनी लहान, मीच त्यांना कवायत शिकवली. त्यांनी दार लावून घेतलं.

"बाई, तुम्हाला पोरीची दया आली, मला समजतं. पण त्यासाठी स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेऊ नका. खोटी खूण म्हणजे चौकशी लागेल. राहिलेत किती दिवस? गुपचूप काढा."

"दया नाही साहेब, खरंच नव्हतं सांगितलं."

"तुम्ही? कागद तुमच्याइतका चोख कुणाचा नसतो."

आयुष्यभर चोख म्हणून मिरवले, आता चूक केली म्हणते तर कुणी मानायला तयार नाही. मी अर्ज लिहून दिला. त्यांनी सुस्कारा टाकून घेतला.

फार थकलेय.

आई


८ फेब्रुवारी, शनिवार

पोरी,

हे पत्र फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच. मागची तीन नाही वाचलीस तरी चालेल.

बुधवारी चौकशीला मुख्यालयातून एक बाई आल्या. तुझ्याच वयाच्या असतील, चष्मा, बोलणं मोजून मापून. माझा अर्ज पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "महिन्यापूर्वी तुम्ही लिहिलंत, कल्पना दिली. आता लिहिता, दिली नाही. यातलं कुठलं खरं धरू?"

"आत्ताचं."

"मुलगीही तेच म्हणते, पण ती म्हणणारच. तिला परीक्षेला बसायचंय. तुम्हालाही तिने बसावं असं वाटतं, ते दिसतंच आहे. दयेपोटी जबाब फिरवणारे खूप बघितलेत मी." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "पूर्वी कधी असं घडलंय? कुणाचं बोलणं तुम्ही न सांगता ऐकलंत आणि ठाण्यात नेलंत? दाखवता आलं तर तुमच्या म्हणण्याला आधार मिळेल. अर्थात, मग तुमचंही काही खरं नाही."

मी नाही म्हणू शकत होते. मी म्हटलं, "घडलंय. माझ्या मुलीच्या बाबतीत."

हे आपण कधी बोललो नाही. तू ओरडलीस, मी 'माझं कर्तव्य' म्हणून हटून बसले, आणि मग तू बोलायचीच थांबलीस. तर आता मीच सांगते. तू सोळा वर्षांची होतीस. रविवार सकाळ, मी तुझी वेणी घालत होते. तू म्हणालीस की तुझी मैत्रीण, तीच जी आपल्याकडे यायची आणि चप्पल नेहमी उलटी काढायची, ती घरातून पळून आलीय आणि स्टेशनमागच्या तिच्या आत्याकडे लपलीय. बाप मारतो, म्हणालीस. आई, काय करायचं आपण? मी वेणी पुरी केली, रिबीन बांधली, आणि गणवेश चढवून ठाण्यात गेले. तिच्या बापाने तक्रार दिलेली होती. दुपारी आम्ही पोरीला आत्याच्या घरातून काढलं आणि बापाच्या हवाली केलं. तिची शाळा सुटली, ते लोक गाव सोडून गेले, आणि तुला ती पुन्हा कधी दिसली नाही. मलाही नाही.

नियमाने मी बरोबर होते. हेच मी तुला तीन वर्षं ऐकवलं, तू घर सोडेपर्यंत. मी चुकले होते, पोरी. तू आईला विचारलं होतंस. मी केसांत हात घालून आईसारखी बसले होते, आणि कान मात्र ठाण्याचे होते.

आणि एक गोष्ट साहेबांना सांगितली नाही, तुला सांगते. मुंगीच्या वेळी मी विसरले असं मी अर्जात लिहिलंय. मी विसरले नव्हते. साखळी हातात असताना ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. म्हटलं असतं तर ती गप्प झाली असती, म्हणून गिळलं. माणूस खाली मान घालून हाताने काही करत बसलं की समोरचा मोकळा होतो, हे मला ठाऊक आहे. चोरांवर वापरलं, पोरांवर वापरलं, तुझ्यावर वापरलं.

त्या बाई तुला पत्र पाठवतील. मी पत्ता दिलाय, त्याबद्दल हवं तर वेगळं भांड. सोबत एक छापील कागद असेल. २० तारखेच्या आत त्यांच्याकडे पोचायला हवा. जे झालं ते लिही. मऊ करून लिहू नकोस. आईची अब्रू, म्हातारी झाली, निवृत्ती आलीय, असलं काही मनात आणू नकोस. तू जेवढं सांभाळून लिहिशील तेवढी त्या पोरीची परीक्षा लांब जाईल.

माझ्यावरचा सगळा राग काढायची एवढी सोय मी तुला पहिल्यांदाच करून देतेय. मला नाही लिहिलंस तरी चालेल. त्यांना लिही.

आई


२६ फेब्रुवारी, बुधवार

पोरी,

काल सुनावणी झाली. तुझा कागद १८ तारखेलाच पोचला होता, मला कुणी सांगितलं नाही. मी आठवडाभर मावशीचं डोकं खात होते.

सकाळी अकराला खोलीत आम्ही पाच जण. त्या चष्मेवाल्या बाई, साहेब, मुख्याध्यापिका, एक कारकून आणि मी. बाईंनी तुझी चार पानं मोठ्याने वाचली. सहा वर्षांनी तुझं बोलणं ऐकलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून, सरकारी आवाजात. साहेब सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते.

सांगितलं तसं लिहिलंस. काही मऊ केलं नाहीस. मी रिबीन कुठल्या रंगाची बांधली तेसुद्धा लिहिलंस, मला ते आठवत नव्हतं. एका ठिकाणी तू लिहिलंयस, 'आत्याचं घर कुठे आहे हे मी सांगत होते तेव्हा तिचा हात केसांत मध्येच थांबला. मला वाटलं, तिला माझ्या मैत्रिणीचं वाईट वाटलं.' बाईंनी तिथे थांबून माझ्याकडे बघितलं. "का थांबला होता हात?"

मी म्हटलं, "पत्ता पाठ करत होते."

कारकुनाने ते लिहून घेतलं.

पुढे तू लिहिलंयस की तू आता वर्गात कुठल्याच मुलाला मनातलं सांगू देत नाहीस. कुणी सांगायला लागलं की तूच विषय बदलतेस, उगाच आपल्याला कळायला नको म्हणून. हे मला माहीत नव्हतं. त्यांनी ते विचारलेलंही नव्हतं. मला तिथे रडू आलं, सगळ्यांदेखत. तीस वर्षांत गणवेशात रडले नव्हते. मुख्याध्यापिकांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

बाईंनी विचारलं, "हे सगळं खरं आहे?" मी हो म्हटलं. त्यांनी नोंद शाळेकडे परत पाठवली. मुख्याध्यापिकांनी तिथल्या तिथे सही केली. मुंगी सोमवारी परीक्षेला बसणार. तिच्या आईने सुरी नेली, आणि मला कांदे आणून देऊ का म्हणून विचारलं, आता हिला काय म्हणावं.

मला शाळेतून काढलंय. ठाण्यात जुन्या कागदांच्या खोलीत बसायचं, फायलींवर क्रमांक टाकायचे. खोटी खूण केल्याचा शेरा पडेल आणि निवृत्तीनंतरही राहील. राहू दे. दुपारी सामान आणायला शाळेत गेले तेव्हा मुंगी जिन्यात भेटली. मला वाटलं होतं काहीतरी बोलेल. ती बाजूला झाली, मला वाट दिली आणि वर निघून गेली. तिचं बरोबर आहे. गणिताचा पेपर पहिलाच आहे, तिला चांगला जाईल.

सुनावणी संपल्यावर मी विचारलं, मुलीचं पत्र एकदा वाचायला मिळेल का. नक्कल देता येत नाही म्हणाले. पण बाईंनी कारकुनाला खूण केली, आणि त्याने मला त्याच्या टेबलाशी बसवून कागद पुढे ठेवला, वर हात ठेवूनच, मी पळवीन म्हणून. तुझं अक्षर बदललंय. पूर्वी 'ळ' किती मोठा काढायचीस.

चौथ्या पानाच्या तळाशी तुझी सही आहे. सहीखाली छापलेलं आहे, 'संबंधित कर्मचाऱ्याशी नाते', आणि त्यापुढे तू लिहिलंयस, मुलगी.

कारकून म्हणाला, तो रकाना सगळ्यांना भरावाच लागतो, नाहीतर कागद परत जातो. भरावाच लागत असेल. मी तो दोनदा वाचला आणि कागद परत दिला.

तुझी आई